ऑइलच्या झाकणाखाली काळी जेली: इंजिनातला कार्बन आणि गाळ घरच्या घरी काढता येतो का?

डिपस्टिक
वडिलांची गाडी आता माझ्याकडे आली आहे. पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, ११ वर्षं जुनी, ९४,००० किलोमीटर. शेवटची पाच-सहा वर्षं ती रोज जेमतेम तीन किलोमीटर जायची आणि परत यायची. 'चाललीच कुठे आहे' म्हणून ऑइलही दोन-दोन वर्षं बदललं गेलं नाही.

काल ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि पोटात गोळा आला. झाकणाच्या आतल्या बाजूला बुटपॉलिशसारखा काळा थर. बोटावर घेऊन चोळला तर बारीक खर लागते. सकाळी गाडी सुरू केली की तीन-चार सेकंद वरून टकटक ऐकू येते, मग थांबते. चढावर जोर दिला की नॉकिंग, म्हणजे इंजिनातून खडखड. आणि ऑइल खाते, साधारण १,२०० किलोमीटरला एक लिटर.

सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणतो चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात) रॉकेल घालून दहा मिनिटं चालव. दुसरा म्हणतो डिझेल घाल. तिसरा म्हणतो हवेच्या पाइपातून पाणी पाज, सगळा कार्बन धुऊन निघतो. चौथा डब्यातलं फ्लश, म्हणजे ऑइलमध्ये मिसळून गाळ सोडवणारं द्रव, आण म्हणतो. हाताने काम करायची तयारी आहे, पाने आहेत, वेळही आहे. पण ही गाडी हातून बिघडायला नको. कोणी स्वतः केलंय का? काय केलं आणि पुढे काय झालं, तेवढं सांगा.

लांबचा_पल्ला
गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या आणि खालच्या गिअरमध्ये अर्धा-पाऊण तास ३,५०० ते ४,००० आरपीएमवर पळवा. माझी अशीच मंदावली होती, एका प्रवासात मोकळी झाली.

पाना_दहाचा
@लांबचा_पल्ला, थांबा. झाकणाखाली जेली आहे आणि सुरू करताना टकटक आहे, म्हणजे वर ऑइल उशिरा पोचतंय. अशा इंजिनला आत्ता पळवायला सांगू नका. आधी ऑइलचा दाब मोजायचा, मग बाकीचं.

धागाकर्त्याला: बावीस वर्षं गॅरेजमध्ये काम करतोय. पहिली गोष्ट, तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळे आजार आहेत आणि सल्ले देणाऱ्यांनी त्यांची सरमिसळ केली आहे. कार्बन वेगळा, गाळ वेगळा. कार्बन म्हणजे जिथे पेट्रोल जळतं तिथली काजळी: पिस्टनचं डोकं, व्हॉल्व्ह, पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या खाचा. गाळ म्हणजे सडलेलं ऑइल: टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण), चेंबर, ऑइलचे रस्ते. पाणी पाजलं तर गाळाला काही होत नाही, कारण पाणी तिथे जातच नाही. आणि चेंबरमध्ये फ्लश घातलं तर पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन हलत नाही. नॉकिंग आणि ऑइल खाणं याचा संशय कार्बनवर. टकटक आणि जेली याचा गाळावर. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

जुनी_ती_सोनं
रॉकेलला उगीच नावं ठेवू नका. आमच्या काळात प्रत्येक मेस्त्री तेच करायचा. ऑइल काढायचं, रॉकेल भरायचं, दहा मिनिटं आयडल, काळंकुट्ट पाणी बाहेर. इंजिनं पुढे वर्षानुवर्षं चालली.

रसायन_शिकवते
जुनी_ती_सोनं काका, तुमच्या अनुभवाला नाही म्हणत नाही, पण त्या इंजिनांत आणि आजच्या इंजिनांत फरक आहे. तेव्हा बेअरिंगमधली फट मोठी, ऑइल जाड, ऑइलच्या दाबावर चालणारी नाजूक यंत्रणा नाही. आता त्याच दाबावर टॅपेट चालतात, टायमिंग चेनचा टेन्शनर चालतो, व्हॉल्व्हचं टायमिंग मागेपुढे होतं. रॉकेल बेअरिंगला पातळ पडतं. धातू धातूला टेकतो. शिवाय रॉकेल ३८-४० अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागतं, आणि गरम इंजिनच्या पोटात त्याहून कितीतरी जास्त तापमान असतं.

गाळ होतो कसा ते सांगते, कारण इलाज त्यातच आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडं रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतं. सोबत न जळलेलं पेट्रोल, काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. इंजिन नीट तापलं तर पाणी आणि पेट्रोल उडून जातं. तीन किलोमीटरच्या फेरीत ऑइल तापतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध येतो, पण तो पाण्याचा, म्हणजे कूलंटचा. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. मग पाणी आतच राहतं, आम्लं तयार होतात, ऑइल ऑक्सिडाइज होतं आणि काजळीला धरून घट्ट होत जातं.

ऑइलमध्ये हे सांभाळायला रसायनं असतात. डिटर्जंट, म्हणजे बहुधा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार, आम्लं मारतात आणि धातू स्वच्छ ठेवतात. डिस्पर्संट काजळीचे कण सुटे-सुटे तरंगत ठेवतात, एकमेकांना चिकटू देत नाहीत. म्हणून ऑइल काळं होणं हे चांगलंच लक्षण आहे, ते काम करतंय. ही रसायनं संपली की काजळी खाली बसायला लागते. तुमच्या गाडीत ती कधीच संपली होती. किलोमीटर कमी होते म्हणून ऑइल चांगलं राहिलं असं होत नाही. अशा वापरात ऑइल महिन्यांवर बदलायचं असतं.

उत्सुक
ताई, मस्त समजावलंत. मग रोज छोट्या फेऱ्या करणाऱ्याने काय करायचं?

रसायन_शिकवते
आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवायची, आणि सहा महिन्यांनी ऑइल बदलायचं.

निळा_धूर
माझ्या झाकणाखाली काळं नाही, पांढरट-पिवळा फेस आहे. हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी) गेलं का? रात्रभर झोप नाही.

पाना_दहाचा
@निळा_धूर, डिपस्टिक काढून बघा. तिथलं ऑइल स्वच्छ असेल, कूलंटची पातळी कमी होत नसेल, तर तो फक्त झाकणावर गोठलेला ओलावा आहे. गाडी लांब चालवलीत की जाईल. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर गाडी सुरू करू नका.

निळा_धूर
डिपस्टिक स्वच्छ आहे. कूलंट रेषेवर आहे. जीव भांड्यात पडला.

जुनी_ती_सोनं
रॉकेलचं ऐकलं, पटलं. पण पाण्याचं मी सोडणार नाही. आयडलच्या वर, २,००० आरपीएमला इंजिन धरून व्हॅक्यूमच्या नळीतून अगदी बारीक फवारा. आत वाफ होते, कार्बनला तडे जातात, पापुद्रे सुटतात. मी आधी आणि नंतर प्लगच्या भोकातून पाहिलंय. पिस्टनचं डोकं उघडं पडलं होतं.

चौथा_सिलिंडर
पाण्याने कार्बन निघतो हे खरं. ज्याचं हेड गॅस्केट गळतं आणि थोडं-थोडं पाणी आत जातं, तो सिलिंडर उघडल्यावर धुतल्यासारखा चकाकतो. माझं भांडण फवाऱ्याशी नाही, नळीशी आहे. मी नळी सरळ बाटलीत बुडवली होती. अंगठ्याने दाबून थेंब-थेंब सोडत होतो. अंगठा घसरला, इंजिनने एक घोट ओढला, 'ठक' असा एकच आवाज आला आणि सगळं शांत झालं. हेड उघडलं तेव्हा चौथ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकलेला. तेव्हापासून हेच नाव घेतलंय.

हिशेब करा. १.२ लिटर, चार सिलिंडर, म्हणजे एकेक ३०० मिली. कॉम्प्रेशन १०:१ असेल तर पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा साधारण ३३ मिली. पाणी दाबलं जात नाही. दोन-अडीच मोठे चमचे पाणी एका सिलिंडरमध्ये एकदम गेलं की पिस्टनला वर यायला जागाच नाही.

जुनी_ती_सोनं
३३ मिली. हा आकडा मी कधी काढला नव्हता. झाडांवर मारायची फवाऱ्याची बाटली सोडून दुसरं काही वापरू नका, आणि नळी बाटलीत कधीच नाही, हे माझ्या सल्ल्याला जोडून घ्या.

डिझेलवाला
डिझेलवाल्यांसाठी वेगळी सूचना. हवेच्या पाइपात ज्वलनशील क्लीनरचा फवारा मारू नका. डिझेलला ठिणगीचा प्लग नसतो, दाबानेच पेटतं. फवारा म्हणजे त्याच्यासाठी इंधनच. इंजिन आपोआप वेग घेतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, हवाच अडवावी लागते.

आमच्याकडे खरा त्रास ईजीआरचा. धुराचा काही भाग परत आत सोडला जातो, त्यातली काजळी आणि ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ यांचं मिळून डांबर होतं. मी माझं इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांकडे नेणारे पाइप) काढलं तेव्हा अंगठा जाईल एवढंच भोक उरलं होतं. फवाऱ्याने ते निघालंच नसतं. सुटं करून, रात्रभर डिझेलमध्ये भिजवून, लाकडी पट्टीने खरवडलं. हेडची भोकं कापडाने गच्च बंद ठेवली होती. कार्बनचा एक खडा व्हॉल्व्हच्या सीटवर बसला तर कॉम्प्रेशन गेलंच.

आणि गाडी तापवून पळवण्याचा सल्ला डिझेलला लागू पडतो, कारण डीपीएफमधली, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. गावातल्या गावात ते गाठलं जात नाही.

उत्सुक
माझी डायरेक्ट इंजेक्शनची पेट्रोल गाडी आहे. टाकीत क्लीनर घालतो, तरी इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन दाखवतात. असं का?

पाना_दहाचा
कारण पेट्रोल त्या व्हॉल्व्हला शिवतच नाही. जुन्या पद्धतीत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारतो, पेट्रोलमधलं डिटर्जंट व्हॉल्व्ह धूत राहतं. डायरेक्टमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत जातं. टाकीत काहीही घाला, व्हॉल्व्हची पाठ कोरडीच. तिथे मॅनिफोल्ड काढायचं, त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना बघायचं, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेने मारायचा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. टरफल कार्बन उडवतं, धातूला ओरखडा काढत नाही. घरी करायचं तर क्लीनर घालून भिजवा, नायलॉनचा ब्रश, परत ओढून घ्या. एका व्हॉल्व्हला तास जातो. काही इंजिनांत दोन्ही जागी इंजेक्टर असतात, त्यांना हा त्रास कमी.

आणि सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या घासायच्या चकत्या ड्रिलला लावून खरवडू नका. चकाचक होतं, पण त्यातली पावडर ऑइलमध्ये उतरून बेअरिंग खाते.

सुटे_भाग
एकाने सांगितलं होतं म्हणून मी पिस्टन आणि हेडचे सुटे भाग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायला घेतले. लोखंडी व्हॉल्व्ह छान निघाले. मग पिस्टन घातले. भरपूर बुडबुडे यायला लागले. मला वाटलं मळ सुटतोय, म्हणून झाकण घालून तासभर ठेवले. बाहेर काढले तर राखाडी, खडबडीत, बोट फिरवलं की भुकटी. रिंगांच्या खाचा रुंद झाल्या होत्या. चारही पिस्टन फेकावे लागले. कोणाला तरी हे वाचून फायदा व्हावा म्हणून लिहितोय.

रसायन_शिकवते
@सुटे_भाग, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. पिस्टन ॲल्युमिनियमचे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि बुडबुडे हायड्रोजनचे असतात. बंद झाकणाखाली हायड्रोजन साठवूनही तुम्ही मोठ्या अपघातापासून वाचलात. हेड, पिस्टन, थ्रॉटल बॉडी, मॅनिफोल्ड यांना सोडा, ओव्हन क्लीनर, कोणतंही तीव्र अल्कली लावायचं नाही. साबणाचं गरम पाणी आणि धीर.

क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरबद्दलही एक वाक्य. तो तापलेल्या धातूवर किंवा ज्वाळेजवळ गेला की फॉस्जीन वायू होऊ शकतो, आणि तो जीवघेणा आहे. डब्यावर क्लोरिनेटेड लिहिलंय का, वाचा.

तेलकट_बाही
ऑटो गिअरचं ऑइल, एटीएफ, लिटरभर इंजिन ऑइलमध्ये मिसळायचं. त्यात डिटर्जंट जास्त असतं. आमचे शेजारी हेच करतात.

पाना_दहाचा
@तेलकट_बाही, उलटं आहे. एटीएफमध्ये डिटर्जंट इंजिन ऑइलपेक्षा कमीच असतं, कारण गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही. ऑइल पातळ होईल, स्वच्छता वाढणार नाही. सगळ्यात चांगलं डिटर्जंट नवीन इंजिन ऑइलमध्येच मिळतं.

तेलकट_बाही
बरं झालं विचारलं. त्यांनाही सांगतो.

उत्सुक
आणि कार्बन काढायला ते हायड्रोजनचं मशिन लावतात ते?

डिझेलवाला
लावून घेतलं होतं. आधी आणि नंतर मोबाइलला जोडायचा कॅमेरा प्लगच्या भोकातून घातला. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले, मला फरक सापडला नाही. कॅमेरा मात्र घ्याच. अंदाजाने साफ करण्यापेक्षा बघून करणं केव्हाही बरं.

पाना_दहाचा
आता धागाकर्त्याकडे येतो. @डिपस्टिक, माझ्या मते तुमचा क्रम असा ठेवा. डब्यातलं फ्लश सध्या घेऊ नका. फ्लश वाईट नसतं, बऱ्यापैकी स्वच्छ इंजिनात ऑइल बदलण्याआधी दहा-पंधरा मिनिटं आयडलला ठीक आहे. पण जिथे गाळाचे थर आहेत तिथे ते थर एकदम सुटतात आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी बुजली की दाब शून्य. गॅरेजमध्ये अशी इंजिनं येतात, 'कालच फ्लश केलं' म्हणत.

दाबाचा स्विच काढून तिथे गेज लावा. गरम इंजिन, आयडल. नंतर टॅपेट कव्हर उघडून बघा. तिथे थर असेल तर चेंबर उतरवा आणि जाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. खाली शिरण्याआधी हलवून बघा.

आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर ओढून नेणारा छोटा व्हॉल्व्ह. तो काढून कानाजवळ हलवा. आत खुळखुळ वाजायला हवी. तो बंद असेल तर चेंबरमधला ओलावा आणि धूर बाहेर जातच नाही, आणि तुम्ही कितीही साफ केलं तरी वर्षभरात तेच.

डिपस्टिक
सगळ्यांचे मनापासून आभार. या शनिवार-रविवारी हेच करतो. तोवर गाडी जागेवरून हलवत नाही.

डिपस्टिक
दोन दिवस काम केलं. सविस्तर लिहितो.

गेज लावला. गरम इंजिन, आयडलला ०.५ बार. ३,००० आरपीएमला १.६ च्या वर जाईना.

टॅपेट कव्हर उघडलं. कॅमशाफ्ट दिसतेय, तिच्यावर तपकिरी चकाकी, पण कोपऱ्यांत बोटाच्या पेराएवढे थर. प्लास्टिकच्या पट्टीने थर वर उचलले, खाली जाऊ नयेत म्हणून ऑइल परतायच्या भोकांत कापडाचे बोळे आधीच घातले होते. बोळे मोजून घातले, मोजून काढले. कव्हर डिझेलने धुतलं.

पीसीव्ही हलवला. आवाज नाही. तोंडाशी काळा चिकट बोळा, आणि त्याची नळी दगडासारखी कडक, आतून अर्धी बुजलेली.

मग चेंबर. दहाच्या पान्याचे अठरा बोल्ट. सीलंट इतकं घट्ट होतं की चेंबर सुटेना. ॲल्युमिनियमच्या कडेत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकायचा मोह झाला, पण लाकडाचा ठोकळा धरून चारी बाजूंनी हळूहळू ठोकलं. चौथ्या फेरीला चिकट आवाज करत सुटलं. तळाशी दोन-अडीच बोटं गाळ. आणि जाळी. तळव्यात मावेल एवढी गोल जाळी, तिचा दोन-तृतीयांश भाग काळ्या पापुद्र्याने झाकलेला. उजेडाकडे धरली तर एका कडेलाच ठिपके दिसत होते. वडील शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी ती हातात घेतली, बराच वेळ फिरवून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्याशा जागेतून ती इतकी वर्षं श्वास घेत होती."

हिच्यावर फ्लश घातलं असतं तर काय झालं असतं, ते पाना_दहाचा यांनी आधीच लिहिलंय.

रसायन_शिकवते
वडिलांचं वाक्य वाचून थांबले. चांगलं काम केलंत.

पाना_दहाचा
जाळी धुऊन लावताना पाइपाच्या तोंडाची ओ-रिंग नवीन घाला. जुनी कडक झालेली असते, तिथून हवा ओढली जाते आणि साफ जाळीनेही दाब येत नाही. सीलंटची रेघ बारीक, तीन मिलिमीटरच्या आसपास, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. जास्त लावलंत तर ते आत पिळून येतं, तुटतं आणि परत त्याच जाळीवर बसतं. ट्यूबवर लिहिलंय तेवढा वेळ सुकू द्या, मगच ऑइल.

चौथा_सिलिंडर
ऑइल खाण्याचं काय? चेंबर साफ करून ते थांबणार नाही. तुमच्या ऑइल कंट्रोल रिंगा कार्बनने खाचेत चिकटल्या असाव्यात. पिस्टन भिजवून बघा. चारही प्लग काढा, पाचव्या गिअरमध्ये चाक हाताने फिरवून चारही पिस्टन मधल्या उंचीवर आणा. भोकातून स्वच्छ सळी घातली की चारही ठिकाणी सारखीच आत जाते, तेव्हा समजा जमलं. प्रत्येकात कार्बन विरघळवणारं द्रव घाला, रात्रभर ठेवा. सकाळी उरलेलं सिरिंजने ओढून घ्या. मग इंधन आणि इग्निशनचे फ्यूज काढून, प्लग न लावताच, भोकांवर जाड कापड टाकून स्टार्टर मारा. प्लग लावून स्टार्टर मारलात तर माझ्यासारखंच होईल. द्रव रिंगांमधून खाली उतरतं, म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

लांबचा_पल्ला
आता पळवा म्हटलं तर चालेल ना?

पाना_दहाचा
दाब आला की जरूर पळवा. तेव्हा तुमचाच सल्ला सगळ्यात उपयोगी.

डिपस्टिक
तीन महिन्यांनी परत येतोय.

नवी ओ-रिंग, नवा पीसीव्ही, नवी नळी. पिस्टन चौथा_सिलिंडर यांनी सांगितलं तसे भिजवले. तिसऱ्या सिलिंडरमधलं द्रव सकाळपर्यंत हललंच नव्हतं, बाकी तिघांतलं खाली गेलं होतं. म्हणून तिसऱ्यात आणखी एक रात्र ठेवलं. सुरू केल्यावर पाचेक मिनिटं इतका पांढरा धूर झाला की शेजारचे बघायला आले.

दाब: गरम आयडलला १.१ बार, ३,००० ला ३.२. सकाळची टकटक पहिल्या दिवसापासून बंद.

मग काही वेगळं न घालता कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल भरलं आणि ८०० किलोमीटरला बदललं. परत १,५०० ला. परत ३,००० ला. दर वेळी फिल्टर कापून घड्या उलगडून पाहिल्या. पहिल्या फिल्टरच्या घड्यांत काळी खर आणि बारीक पापुद्रे. दुसऱ्यात खर कमी, पापुद्रे मोजून सात. तिसऱ्याचा कागद नुसता ऑइलने भिजलेला, बोट फिरवलं तर काही लागलं नाही.

तिसऱ्या वेळी ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत पीईए, म्हणजे पॉलिइथरअमाइन असलेलं क्लीनर घातलं, कारण त्यातलं थोडं चेंबरमध्ये उतरतं असं वाचलं होतं. माझी साध्या इंजेक्शनची गाडी असल्याने ते व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. चढावरचं नॉकिंग आता ऐकू येत नाही.

ऑइल अजून खाते, पण २,६०० किलोमीटरला एक लिटर. तिसऱ्याचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा थोडं कमी आहे. त्याला आणखी एकदा भिजवून बघणार. नाही झालं तर पातळी तपासत चालवणार.

आणि रविवारी सकाळी आता आम्ही दोघं तासभर फिरायला जातो. गाडी वडील चालवतात.

जुनी_ती_सोनं
फार बरं वाटलं वाचून. निघालेलं ऑइल कुठे टाकलंत? चार वेळा बदललंत म्हणजे बारा-तेरा लिटर तरी झालं असेल. गटारात किंवा मातीत ओतू नका.

डिपस्टिक
नाही काका, सगळं झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवलंय, जाळीवर निघालेला गाळही वेगळ्या डब्यात. वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे देणार आहे. रॉकेल-डिझेलने धुतलेलं त्यात मिसळलेलं नाही, ते वेगळं आहे.

निळा_धूर
माझा फेस गेला. आठवड्यातून एकदा लांब नेतो. पीसीव्ही हलवून बघितला, खुळखुळतोय.